बाहेरचा पुर्जा

हवालदार सोनकांबळे यांच्या तोंडात एकही दात नव्हता, आणि त्यांच्या लोखंडी ट्रंकेत दातांची एक नवीकोरी कवळी होती. कवळी त्यांच्याच मापाची. सुनेनं, म्हणजे सुमननं, हात धुऊन मागे लागून करवून घेतलेली. डॉक्टरांनी ती हातात ठेवली तेव्हा हवालदारांनी चष्मा कपाळावर ढकलला, कवळी डोळ्यांजवळ नेऊन उलटीपालटी केली, वरचा जबडा खालच्यावर आपटून आवाज ऐकला आणि अदबीनं परत ठेवली.

"काम साफ हाय डॉक्टरसाहेब," ते म्हणाले. "पण हे मला इश्यू झालेलं न्हाई. बाहेरचा पुर्जा हाय."

डॉक्टर गावात नवे होते. त्यांना वाटलं, कवळी कुठंतरी टोचतेय. ते बिचारे कानस शोधू लागले. शेवटी सुमननंच ती रुमालात बांधून घरी आणली. त्यानंतर मी हवालदारांना कितीदा तरी जेवताना पाहिलं. ज्वारीची भाकरी आमटीत कुस्करायची, वर ताट झाकायचं, ती मुरेपर्यंत ताठ बसून राहायचं, आणि मग हिरड्यांनी, एका लयीत, शिस्तीत खायचं. आमच्या गल्लीतल्या दात असलेल्या पुरुषांपेक्षा ते नीट जेवायचे, हेही सांगितलं पाहिजे.

इश्यू हा त्यांचा शब्द. फौजेत सरकार शिपायाला जे देतं, बुटापासून बंदुकीपर्यंत, ते इश्यूचं. त्यापलीकडचं सगळं जग बाहेरचं. हवालदार फौजेत आर्मोरर होते, म्हणजे पलटणीच्या हत्यारांची दुरुस्ती-देखभाल करणारे. पेन्शनवर घरी येऊन बरीच वर्षं झाली तरी जगाची ही वाटणी त्यांनी सोडली नव्हती. शर्टाचं बटण तुटलं तर तसंच्या तसं बटण मिळेपर्यंत ती जागा उघडी राहायची. सायकलचा एक पायडल मोडला, तर त्याच कंपनीचा पायडल येईस्तोवर ते एका पायानं सायकल मारत होते. लातूरच्या गंजगोलाई बाजारातून हवालदार एका पायानं पायडल मारत आणि दुसरा पाय सावधानमध्ये ताठ धरून चालले आहेत, हे दृश्य ज्यांनी पाहिलं ते अजून विसरले नसतील.

मी त्यांची शेजारीण. लातूर जिल्हा नुकता झाला होता आणि मी जुन्या जिल्ह्याच्या कचेरीतून नव्या जिल्ह्याच्या कचेरीत टायपिस्ट म्हणून आले होते. कचेरी म्हणजे एक भाड्याची इमारत. टेबलं होती तर खुर्च्या नव्हत्या, साहेब होते तर साहेबांच्या नावाच्या पाट्या नव्हत्या. जिल्हा नवा होता, दुष्काळ मात्र जुना. तो आमच्या आधीच येऊन बसला होता. आमच्या गल्लीत एक हातपंप, मनात आलं तर येणारा एक टँकर, आणि सकाळपासून घागरींची रांग. ही रांग हवालदार लावायचे. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, पण कोणी हटकलंही नव्हतं. "घागरी, दाहिने सज!" असं ते ओरडले की बायका हसत हसत आपापली घागर सरळ करायच्या. भांडणं मात्र थांबली होती, हे खरं.

एकदा मी डाळ शिजायला लावली होती. शिट्टी झाली आणि पाठोपाठ दारावर थाप. हवालदार उभे.

"टायपिस्टबाई, जय हिंद. कुकरची रिंग बाहेरची हाय."

"तुम्हाला हो कसं कळलं?"

"भिंतीतनं ऐकून राहिलो. शिट्टी आजारी हाय. स्टोव्ह बंद करा."

मी घाबरून स्टोव्ह बंद केला. आमचे हे आतून आले, त्यांनी शांतपणे फळीवरून रिंगचं पाकीट काढलं आणि हवालदारांच्या हातात दिलं. रिंग अस्सल, कंपनीची होती. डाळीत पाणी जास्त झालं होतं, एवढंच. हवालदारांनी पाकिटावरचं सगळं वाचलं, रिंग बोटांनी दाबून पाहिली, आणि माझ्या स्वयंपाकघराच्या दारात टाचा जुळवून उभे राहिले. "रिंग इश्यूची हाय. गलती माझी." आणि निघून गेले. आमचे हे त्या दिवशी जेवेपर्यंत हसत होते. मला काही हसू आलं नाही. माझ्या दुप्पट वयाचा माणूस माझ्या उंबऱ्याशी उभा राहून "गलती माझी" म्हणाला होता. मी तोवर ते कुठल्या साहेबाच्या तोंडून ऐकलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर नवऱ्याच्या तोंडूनही नाही.

पण हवालदारांचा खरा विषय मॅगझिन. गोदाक्का नावाच्या आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या बाईंनी उभ्या जन्मात बंदूक पाहिली नव्हती, पण त्यासुद्धा नव्या भाडेकरणीला सांगायच्या, "मॅगझिन म्हंजी बंदुकीखाली लावायचा गोळ्यांचा डबा माय. त्यात इस्प्रिंग असती. ती एकेक गोळी वर ढकलती." हे शिक्षण त्यांना हवालदारांनी साबणाच्या चपट्या डबीत चिंचोके भरून दिलं होतं. टँकरला उशीर झाला की रांगेत ही गोष्ट व्हायचीच. गोदाक्का मुद्दाम काडी लावायच्या, "हवालदार, त्या बाजारच्या मॅगझिनचं काय झालं वो?" की गडी सुरू.

"छावणीच्या बाजारात एक कारागीर होता," हवालदार सांगायचे. "पत्र्याची मॅगझिनं बनवायचा. माल लई गुळगुळीत. आमची इश्यूची कशी? पोचे पडलेली, रंग उडालेला. हरवलं तर चौकशी बसायची ती निराळी. हे बाजारचं चकचकीत, वर चार गोळ्या जास्ती मावायच्या. पोरं हौसेनं घेऊ लागली. मग वरून हुकूम आला. पलटणीनं दिल्याबिगर दुसरं मॅगझिन रायफलीला लावायचं न्हाई. आन हे तपासणार कोण? म्या."

ड्युटीवर निघण्याआधी प्रत्येक जवान हत्यारांच्या खोलीसमोर आपला पट्ट्याचा खिसा रिकामा करायचा. हवालदार एकेक मॅगझिन हातात घेऊन बघायचे. बाजारचं निघालं की "पास न्हाई" म्हणायचे, ऐरणीवर ठेवायचे आणि हातोड्यानं सपाट करायचे. जवान हळहळायचे. हवालदारांना शिव्या पडायच्या, त्याही आपल्याच भागातल्या पोरांच्या.

"पण चालत नव्हतं का ते?" कोणीतरी विचारायचं.

"चालत होतं की! म्या सोता चालवून बघितलं. एक गोळी अडली न्हाई. काम साफ."

"मग कामून मोडायचं?"

मग हवालदार सांगायचे, "एक पोरगं होतं, आपल्या उदगीरकडचं. त्यानं बाजारचं मॅगझिन दगडावर घासलं, पोचे पाडले, इश्यूवानी केलं. म्या फसलो, पास केलं. मग सरावाला गेलो. शेजारच्या जवानाच्या गोळ्या सरल्या. ह्यानं आपलं भरलेलं मॅगझिन त्याच्याकडं फेकलं. त्यानं लावलं. बसंना. ठोकलं. बसंना. उदगीरवाल्याच्या रायफलीला बसायचं, ह्याच्या रायफलीला न्हाई. केसाएवढा फरक."

"मग, मेला का तो?" नवी भाडेकरीण डोळे मोठे करायची.

"मरतंय कशाला? सराव होता. गोळ्याबी खोट्या होत्या. सगळे हसले." हवालदार रांगेवरून नजर फिरवायचे. "म्या न्हाई हसलो. मॅगझिन आपल्या रायफलीसाठी नसतंय बाई. शेजारच्याच्या रायफलीसाठी असतंय. आपण पडलो तर त्यानं उचलावं आन लावावं. म्हणून समद्यांचं एकसारखं."

मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझी घागर कमरेवर होती आणि ती रिकामी आहे हेही मी विसरले. दिवसभर मी कचेरीत नियमच टाइप करायचे. अमुक करू नये, तमुक करता येणार नाही. त्यातला एखादा नियम कोणासाठी असेल असा विचार माझ्या बोटांनी कधी केला नव्हता. आणि हा दात नसलेला माणूस बंदुकीच्या एका डब्यात शेजाऱ्याचा एवढा विचार घेऊन बसला होता. त्या दिवसापासून मी त्यांची थट्टा करायची सोडली नाही, पण ती जरा दबकून करू लागले.

हवालदारांच्या घरी माणसं दोनच, ते आणि सुमन. बायको फार पूर्वी गेलेली. एकुलता एक मुलगा सूतगिरणीत कामाला होता. लग्नानंतर थोड्याच दिवसांत काविळीनं गेला. सुमनचं माहेर देगलूरकडचं, पण आईवडील नव्हते, एक चुलता तेवढा होता. ती सासऱ्यापाशीच राहिली. जवळच्या बालवाडीत शिकवायची, हवालदारांना मामा म्हणायची, आणि त्यांच्याशी बेधडक बोलणारी गल्लीतली एकमेव व्यक्ती होती. त्यांच्या समाजात विधवेचं दुसरं लग्न ही काही कुजबुजीची गोष्ट नव्हती. उलट विहारातली जाणती माणसंच येऊन म्हणायची, हवालदार, पोरगी तरणी आहे, तिचं बघा. हवालदार ऐकून घ्यायचे, चहा पाजायचे आणि "बघू" म्हणून दारापर्यंत सोडायला जायचे. असे किती "बघू" त्यांनी म्हटले कोण जाणे.

त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतला पंप बसला. दांडा वरखाली होई, पाणी येत नसे. दुरुस्तीची गाडी आली आणि तिच्यातून मधुकर नावाचा मेकॅनिक उतरला. धर्माबादचा. काळा, उंच, हसरा. पंपाच्या पोटातले पाईप वर ओढताना तो तेलुगूत मोजायचा, "ओकटी, रेंडू, मूडू," आणि मराठीत देवाचं नाव घ्यायचा. आतला चामड्याचा वायसर पार झिजला होता. हा वायसर म्हणजे पंपाच्या आत पाणी धरून वर उचलणारी चकती. ती गेली की पंप नुसता खोकतो.

"नवा वायसर न्हाई का?" गोदाक्कांनी विचारलं.

"वायसर जुन्या जिल्ह्यात हाय, मागणी नव्या जिल्ह्यात हाय, आन मी मधी पाईप धरून उभा हाय," तो म्हणाला. "जुनं कातडं असंल कुणाकडं तर द्या. चप्पल, पट्टा, काहीबी."

सुमन घरात गेली आणि हवालदारांचा एक जुना फौजी बूट घेऊन आली. त्याचा तळ कधीच गेला होता. मधुकरनं बुटाची जीभ कापली, गोल छाटली, तेलात भिजवली, बसवली. दहाबारा दांडे मारल्यावर पाणी आलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. आणि नेमके तेव्हाच हवालदार बाजारातून आले. त्यांनी आधी पंप पाहिला, मग पाण्याकडे पाहिलं, मग जीभ नसलेल्या बुटाकडे.

"ह्याच्यात काय बसवलंस?"

मधुकरनं सांगितलं. हवालदारांच्या कपाळावरची शीर उडू लागली. "बाहेरचा पुर्जा!"

"बाहेरचा कसा साहेब? बूट सरकारी, पंप सरकारी. सरकारचं सरकारला लावलं."

हवालदारांनी चष्मा कपाळावर ढकलला. असा मुद्दा त्यांच्यासमोर आजवर कोणी मांडला नसावा. सगळी गल्ली त्यांच्या तोंडाकडे बघत होती. ते म्हणाले, "बूट पायदळाचा. पंप पाणीपुरवठ्याचा. पास न्हाई." आणि बूट उचलून घरात गेले. सुमन पदर तोंडात धरून हसत होती. मधुकर तिच्याकडे बघत होता, आणि मी दोघांकडे.

पुढं मधुकर दर गुरुवारी आमच्या गल्लीत येऊ लागला. "वायसर बघायला आलो," म्हणायचा. पंपाचा दांडा चार वेळा हलवायचा आणि मग बालवाडी सुटेपर्यंत उगाच नटबोल्ट पुसत बसायचा. त्या वायसरची इतकी काळजी दुसऱ्या कुठल्या गल्लीनं केली नसेल. गोदाक्का म्हणाल्या, "ह्या पंपाला नजर लागली का काय गं?" सुमन लाजली नाही. ती सरळ माझ्याकडे आली.

"ताई, मला मधुकरसंगं लगीन करायचंय. त्यानं इचारलंय. मला तो आवडतोय." मग खाली बघत म्हणाली, "पण मामा न्हाई म्हणले तर म्या करणार न्हाई. त्यांना टाकून म्या जाणार न्हाई. आन मामा न्हाईच म्हणणार. तुमाला ठाऊक हाय ते."

मला ठाऊक होतं. ज्या माणसानं स्वतःच्या तोंडात दात बसवून घेतले नाहीत, तो आपल्या मुलाच्या जागी जावई कसा बसवून घेणार? आणि तोही नेमका हा, बुटाच्या जिभेचा वायसर करणारा! पण सुमनकडे बघून मी कंबर कसली. आमचे हे म्हणाले, तू कशाला मधे पडतेस? मी म्हटलं, कोणीतरी पडायलाच पाहिजे.

हवालदार ओट्यावर सायकल पुसत बसले होते. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. त्यांचा हात थांबला नाही. पुसलेलीच तार ते पुन्हा पुसत राहिले.

"सुमनचं मन हाय?"

"आहे. पण तुमच्या शब्दाबाहेर जाणार नाही म्हणते."

त्यांनी फडकं खांद्यावर टाकलं. मग म्हणाले, "तपासणी करावी लागंल."

आणि त्यांनी ती केली, एका रविवारी मधुकरच्या गाडीत बसून त्याचं काम बघायला जाऊन. त्या दुष्काळात दुरुस्तीच्या गाडीला रविवारची सुट्टी नसे. माझी बहीण मुरुडला दिलेली. गाडी त्या बाजूला जाणार होती, म्हणून मीही तिच्यात चढले. हवालदार इस्त्रीचा शर्ट घालून मागं बसले, पाईपांच्या ढिगावर, ताठ. मधुकर घाबरून ड्रायव्हरला सारखं हळू चालव म्हणत होता.

मी त्या रस्त्यानं अनेकदा गेले होते. पण त्या दिवशी जे पाहिलं ते अजून डोळ्यांपुढून हलत नाही. शेतं तव्यासारखी तापलेली, विहिरींच्या तळाला माणसं उतरून वाटीनं पाणी भरणारी, झाडाखाली गुरं उभी, पण हलत नव्हती. एका गावात पंप बंद होता आणि बायका त्याच्याभोवती भांडी मांडून नुसत्या बसल्या होत्या. बोलत नव्हत्या. गाडी दिसल्यावरही कोणी उठलं नाही. आशा करायची ताकदच उरली नसावी. मधुकर उडी मारून उतरला. त्याचं हसणं कुठं गेलं कळलं नाही. त्यानं पाईप ओढले, मोजणी सुरू झाली, ओकटी, रेंडू. आतला वायसर फाटलेला. पेटीत नवा नव्हता. त्यानं गाडीतून सायकलच्या टायरचा तुकडा काढला आणि छाटू लागला. मी हवालदारांकडे पाहिलं. ते हात मागं बांधून उभे होते, अगदी त्या हत्यारांच्या खोलीसमोर उभे राहत असतील तसे. माझ्या मनात आलं, संपलं आता सुमनचं.

पाणी आलं. आधी तांबडं, मग गढूळ, मग स्वच्छ. बायका उठल्या. एका म्हातारीनं ओंजळ भरली आणि प्याली नाही, तोंडावर धरली. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

मधुकरनं हत्यारं गोळा केली. मग खिशातून लाल चिंधी काढली आणि पंपाच्या दांड्याला घट्ट बांधली.

"हे काय?" हवालदारांनी विचारलं. 

"टायरचा वायसर हाय साहेब. टिकायचा न्हाई. उद्या माझी बदली झाली, न्हाई तर म्या आजारी पडलो, तर दुसरा मेकॅनिक येईल. त्याला बाहेरनं कळाया पायजे, आत खरा माल न्हाई. न्हाई तर तो बिचारा पंपावर भरोसा ठेवंल आन गाव तहानंनं मरंल. खरा वायसर आला की म्या चिंधी सोडतो."

"कुणी सांगितलं असं करायला?"

"कुणी न्हाई. मला आपलं बरं वाटंना."

 हवालदार पंपाजवळ गेले, चिंधीची गाठ बोटांनी चाचपली आणि परत पाईपांवर जाऊन बसले. मुरुडपर्यंत रस्त्यालगतच्या गावांत पंप दिसत होते आणि एकामागून एक पंपावर लाल चिंध्या फडफडत होत्या. आजवर मी त्या पाहिल्या होत्या आणि कुठल्यातरी देवाच्या असतील असं समजले होते. त्या रखरखाटात तेवढाच एक रंग होता. प्रत्येक चिंधी म्हणजे या पोरानं ओळखही नसलेल्या कुण्या मेकॅनिकला दिलेला निरोप होता, हे मला आता कळलं. मी मागं वळून पाहिलं तर हवालदार प्रत्येक पंपाला मान वळवून पाहत होते.

मला वाटलं, झालं काम. पण संध्याकाळी परतल्यावर हवालदार काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. मधुकर गुरुवारी आला, दांडा हलवून गेला. सुमनचं जेवण तुटलं. शेवटी एका सकाळी भिंतीपलीकडून तिचा आवाज चढलेला ऐकला आणि मी धावले.

"मामा, म्या काय मॅगझिन हाय का?" ती दारात उभी राहून विचारत होती. "पास, न्हाई पास! माणूस हाय म्या! काय ते एकदा सांगून टाका!"

हवालदार खाटेवर बसले होते. मला वाटलं, आता कपाळावरची शीर उडणार. पण ते एकदम म्हातारे दिसू लागले.

"तो पास हाय, सुमन. मुरुडच्या वाटंवरच पास झालाय. तो लपवीत न्हाई. त्या उदगीरवाल्यानं लपवलं होतं, ह्यानं चिंधी बांधली. लई मोठं काम हाय ते. माझ्याच्यानं झालं नसतं."

"मग?"

"मग काय." त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "नियमाचं काही न्हाई पोरी. नियम म्या उगं पुढं केला. तू गेल्यावर ह्या घरात मला हाक मारणारं कोण, ह्याचं भ्या वाटलं. एवढंच हाय. गलती माझी."

सुमन खाली बसली आणि त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडली. मीही दारात उभी राहून रडले. माझं तिथं काही काम नव्हतं, पण पाय निघेना.

लग्न विहारात झालं. पांढरी पातळं, पांढरे शर्ट, पंचशील, थोडी माणसं, आणि दुष्काळ म्हणून जेवणाऐवजी चहा आणि चिवडा. बौद्धाचार्यांनी विचारलं, "मुलीकडून कोण उभं राहणार?" देगलूरहून आलेले सुमनचे चुलते धोतर सावरत उठू लागले. तोवर हवालदार पुढं जाऊन उभे राहिले होते. मुलाच्या बापाच्या जागेवरून मुलीच्या बापाच्या जागेवर ते केव्हा गेले, ते सभागृहात कोणाला कळलंही नाही. चुलते भले माणूस. ते हळूच खाली बसले.

मधुकरची बदली धर्माबादला, त्याच्या गावाकडेच झाली होती. दोघं लग्नानंतर लगेच निघाले. सुमननं हवालदारांना आमच्याबरोबर चला म्हणून खूप विनवलं, पण ते म्हणाले, इथली रांग कोण लावणार? ती आमच्यासकट सगळ्या गल्लीच्या गळ्यात पडून पडून रडली आणि गाडीत बसली. मधुकर शेवटी राहिला. तो हवालदारांच्या पायाशी वाकला.

"येतो साहेब."

"साहेब नको," हवालदार म्हणाले. मग ते रस्त्याकडे बघत राहिले. गाडीचं इंजिन चालू होतं, ड्रायव्हर खोळंबला होता, पण कोणी घाई केली नाही. "माझं पोरगं मला दादा म्हणायचं. तुला जमलं तर म्हण."

मधुकरनं सुमनकडे पाहिलं. तिनं तोंडाला पदर लावला होता. त्याला दोनदा प्रयत्न करावा लागला.

"येतो, दादा."

गाडी वळणावरून दिसेनाशी झाली. माणसं पांगली. हवालदार तिथंच उभे होते, उन्हात. मी जवळ जाऊन म्हटलं, चला आता, आमच्याकडे जेवायचंय आज. ते मला नेहमी टायपिस्टबाई म्हणायचे.

"लई दिवसांनी दादा ऐकलं, पोरी," ते म्हणाले.